बंदूक भरली ती ग्रीसने

मी ग्रीस बोलतोय. व्याकरणाने 'बोलतंय' म्हणायला हवं, ठाऊक आहे. पण वजनदार ट्रकच्या चाकात राबणाऱ्याने स्वतःला नपुंसकलिंगी म्हणवून घ्यावं, हे काही मला झेपत नाही. तेव्हा तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. तेल आणि साबण मोठ्या कढईत तासन्‌तास शिजवले की मी तयार होतो. अंगात साबण असूनही मला हात लावलेला माणूस अर्धा तास हात धूत बसतो. दोन किलोच्या पत्र्याच्या डब्यात मला कोंबलं, झाकणावर बैलाचं चित्र छापलं आणि खाली लिहिलं, 'जड कामासाठी'. हे दोन शब्द माझ्या डोक्यात गेले. तेव्हापासून पातळ तेलाच्या बाटल्यांशी मी बोलत नसे.

माझा पहिला मालक ट्रकचा मेकॅनिक होता. खिशात कायम पाना असायचा, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. त्याच्या हाताखाली मी शिकलो की माझी खरी जागा बेअरिंगमध्ये आहे. तळहातावर माझा गोळा घ्यायचा, बेअरिंगची कड त्यावर दाबायची आणि मी दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावेपर्यंत दाबत राहायचं. गॅरेजात याला 'ग्रीस भरणं' म्हणतात. लावणं, चोपडणं, पुसणं हे शब्द तिथे कोणी वापरत नाही. चाकाचं ग्रीस गच्च भरायचं असतं आणि पाना ते अगदी मन लावून भरायचा.

पानाच्या मोठ्या बहिणीचा नवरा बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचा. पाना त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मिशा भारदस्त, आवाज मऊ. एकवीस वर्षं ते त्या स्टुलावर बसले होते आणि त्या काळात त्यांनी बँकेचं रक्षण मुख्यतः एका गायीपासून केलं होतं. बंदूक त्यांची स्वतःची, जुनी दुनळी. वर्षातून एकदा मैदानावर तपासणी व्हायची, त्यात दोन बार उडवून दाखवायचे. दाजींनी आयुष्यात उडवलेले बार म्हणजे एवढेच.

यंदा मात्र बँकेत नवा साहेब आला होता. त्याने सरळ सांगून टाकलं होतं की या तपासणीत बंदूक नापास झाली तर दाजींनी स्टूल रिकामं करायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. दाजींना झोप लागेना. त्यात पावसाळ्यात नळ्यांवर गंज धरलेला, बंदूक मधोमध वाकवून उघडताना बिजागरी कुरकुरायची आणि बंदुकीच्या तेलाची बाटली केव्हाच संपलेली.

ते गॅरेजात आले तेव्हा पाना ट्रकखाली होता. त्याने तिथूनच सगळं ऐकलं आणि तिथूनच उपाय सांगितला.

"दाजी, तो बैलाचा डबा घेऊन जा आणि हे भरा. वर्षभर बघायला नको."

आता खरं सांगायचं तर पाना पुरता चुकला नव्हता. बिजागरीला माझं एक बोट लावलं, नळीवर बाहेरून माझा पातळसा हात फिरवला, तर मी पाण्याला जवळ फिरकू देत नाही. पातळ तेल ओघळून जातं, मी चिकटून राहतो. पण पाना 'भरा' म्हणाला. आणि एकवीस वर्षं 'इथे बसा' म्हटलं की तिथेच बसणाऱ्या माणसाने ते शब्दशः घेतलं.

दाजींनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कामाला लागले. बिजागरी भरली. घोड्यांच्या बुडाशी भरलं. काडतुसावर आपटणाऱ्या पिना ज्या बारीक भोकांतून पुढे येतात, ती भोकं आगपेटीच्या काडीने ठासून भरली. मग काठीला चिंधी बांधून मला नळ्यांमध्ये ढकललं. उजव्या नळीत चिंधी अडकली, काठीवरून निसटली आणि तिच्यासकट माझा सुपारीएवढा गोळा मध्येच राहिला. दाजींनी आत बघितलं नाही. त्यांनी बंदूक बाहेरून पुसली, लांब धरून पाहिली आणि ते खूश झाले. ताई, म्हणजे त्यांची बायको, एवढंच म्हणाली की आता हे टेबल कोण घासणार.

ग्रीसला एकच देह नसतो. मी डब्यात होतो, पिनांच्या भोकांत होतो आणि नळीतही होतो. नळीतल्या मला कळत होतं की हे भलतंच झालंय. मागून बार उडाला आणि वाट बंद असली तर पोलाद कुठूनही फाटतं. दाजींचा डावा हात नळीखाली, डोळा नळीच्या रेषेत. मी घाबरलो. जड कामाच्या गप्पा मारणारा मी, आणि मला साधं 'थांबा' म्हणता येत नव्हतं.

तपासणीची सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. थंडीत मी आणखी घट्ट होतो. मैदानावर टेबल मांडून शस्त्रं तपासणारा म्हातारा कारागीर बसला होता. नवा साहेबही मुद्दाम आला होता. दाजींनी काडतुसं घातली, बंदूक खांद्याला लावली, श्वास रोखला आणि उजवा चाप ओढला.

टप्प.

पिन माझ्यातून इतकी रेंगाळत पुढे गेली की काडतुसाला तिने नुसती टिचकी मारली. डाव्याचंही तेच. मागे कोणीतरी हसलं. साहेबाने घड्याळात पाहिलं. दाजींचे कान लाल झाले, आणि मी मात्र पिनेच्या भोकात जीव भांड्यात पडल्यासारखा सुटकेचा श्वास घेत होतो. माझ्या एका गाढवपणाने माझ्या दुसऱ्या गाढवपणाला अडवलं होतं.

कारागिराने नळ्या समोरच धरून ठेवायला सांगितल्या, बार उशिरानेही उडू शकतो म्हणून थोडा वेळ थांबला आणि मग बंदूक उघडून काडतुसं काढली. नळ्या आभाळाकडे धरून त्यातून पाहिलं. डावीतून उजेड आला, उजवीतून आला नाही. त्याने काठी घातली आणि मी चिंधीसकट टेबलावर पडलो, सगळ्यांसमोर. अशी बेअब्रू शत्रूची होऊ नये.

कारागीर दाजींना बाजूला घेऊन गेला.

"बार उडाला असता तर आज घरी काय घेऊन गेला असता? ग्रीस भरायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," दाजी म्हणाले. "माझंच डोकं."

"बंदूक काडतुसाने भरतात. ग्रीस तिला नुसतं दाखवायचं."

त्याने साहेबाला ऐकू जाईल असं सांगितलं की बंदूक चांगली आहे, फक्त मळलेली आहे, आणि आठ दिवसांनी पुन्हा आणायला लावली.

घरी दाजी एवढंच बोलले की बार उडाला नाही. नळीतल्या गोळ्याबद्दल अवाक्षर नाही. तीन दिवस ते रॉकेल आणि चिंध्या घेऊन मला काढत बसले. पाना येऊन गंभीरपणे म्हणाला की ग्रीस कमी पडलं असणार, अजून भरू या. तेव्हा दाजी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. पाना बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

आठ दिवसांनी दोन्ही बार उडाले. साहेबाने कानांवर हात ठेवले. स्टूल राहिलं. पाना आता गल्लीभर सांगत फिरतो की दाजींची नोकरी त्याच्या ग्रीसने वाचवली. दाजी ऐकतात आणि मान हलवतात. मला दाजींचा हेवा वाटतो, कारण मला इतकं गप्प राहणं जमलं नसतं.

तेव्हापासून दाजी कामावर निघण्याआधी खिडकीशी उभे राहून बंदुकीच्या नळ्या सुट्या करून त्यांतून पाहतात. ताईला वाटायचं, समोरच्या गच्चीवर काहीतरी बघण्यासारखं असणार. एके सकाळी तिने विचारलंच.

"अहो, रोज त्या नळीतून काय बघता?"

"उजेड."

तिने त्यांच्या हातातून नळ्या घेतल्या, स्वतःचा डोळा लावला आणि त्यांच्याकडे वळली. त्या पोकळीच्या दुसऱ्या टोकाला दाजींचा एक डोळा होता, शाबूत, आणि पाण्याने भरलेला. मग दाजींनी तिला सगळं सांगितलं. त्यांचा डावा हात घेऊन तिने पाचही बोटं एकेक करून दाबली.

"माझ्या भावाला हे कळता कामा नये," ती म्हणाली. "तो जेवायचा नाही."

मी सध्या त्यांच्या खिडकीत असतो. तळाशी चार बोटं उरलोय. बैलाचं चित्र खरवडून गेलंय आणि 'जड' हा शब्दही पुसलाय, आता नुसतं 'कामासाठी' राहिलंय. महिन्यातून एकदा दाजी बोटाचं टोक बुडवतात, बंदुकीच्या बिजागरीला लावतात आणि उरलेलं कपाटाच्या दाराला पुसतात. पूर्वी याचा मला अपमान वाटला असता.

तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला चाकात हवं तेवढं भरा. बाकी ठिकाणी नुसतं बोट लावा. आणि त्याआधी नळीतून एकदा उजेड बघून घ्या, आम्हाला ओरडता येत नाही.