ललितच्या शर्टावरचे पतंग

"आला! माझा बाप आला!" मंगलाबाईनं हंबरडा फोडला आणि मंडपातली दोनशे माणसं एका दमात पुढे सरकली. तिच्या मयत बापाचं जुनं धोतर दोरीवर टांगलं होतं. त्यावर तिन्हीसांजेच्या उजेडात राखाडी पतंग येऊन बसत होते. आधी एक, मग चार, बघता बघता वीस-पंचवीस.

"कावळा म्हणजे जुना पोस्टमन!" पतंगनाथ महाराज गरजले. "आता मोबाईलचा जमाना हाय. मयताचा कपडा आणा, मी हात फिरवतो, पितर थेट लाईनीवर!"

हे महाराज म्हणजे मूळचा झिपरू. चार वर्षांपूर्वी गावाशेजारच्या शेतकी प्रयोगाच्या शेडवर राखण करायचा. दाढी वाढली, कफनी आली आणि सगळं गाव ते विसरलं. शुभांगी विसरली नव्हती. आता ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, पण कॉलेजात असताना त्याच प्रयोगावर रोजानं जायची. मंडपातल्या धुपाआडून येणारा तो गोड, मोगऱ्यासारखा वास तिनं पहिल्याच दिवशी ओळखला होता.

पण करते काय? पुढच्या रांगेत तिची आई गोजराबाईच बसलेली, मांडीवर ललितचा निळा शर्ट घेऊन.

ललित शुभांगीचा धाकटा भाऊ. विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून बाविसाव्या वर्षी गेला. दहाव्याला नाशिकला गंगेवर पिंड ठेवला, दुपारपर्यंत सगळे ताटकळले, कावळा काही शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. नातेवाईक जेवून गेले, पण गोजराबाईच्या जिवाला ते लागलं ते लागलंच. लेकराचं काय राहून गेलं? माझ्यावर रागावून गेलं का?

झिपरूनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "तुझ्या वावरात पतंगाचे सापळे हायेत ना? पोरगं तुला भेटाया येतंय अन् त्यात अडकून मरतंय. पुन्यांदा मरतंय, बाई!"

गोजराबाईनं दुसऱ्याच दिवशी टोमॅटोच्या वावरातले सगळे सापळे उपटले आणि महाराजांचे भारलेले दोरे बांधले. पंधरा दिवसांत अर्धा माल किडला. मायलेकींची जमीन काय ती तेवढीच, दीड एकर.

म्हणून आज शुभांगी बाटली घेऊन आली होती. त्या शेतकी प्रयोगावरच्या शास्त्रज्ञ बाईंकडून मुद्दाम मागून आणलेली.

"कुणाकडं कांद्याचं रिकामं पोतं आहे का?" तिनं मंडपात उभं राहून विचारलं.

लोक हसले. पोतं आलं. तिनं त्यावर पाच थेंब टाकले आणि दुसऱ्या खांबाला टांगलं.

"मंत्र म्हणा की, मास्तरीणबाई!"

"म्हणते. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..."

सतराचा पाढा झाला, एकोणतिसाचाही झाला. मग पोत्यावर पतंग बसायला लागले.

"हे कुणाचे पितर? कांद्याचे?" शुभांगीचा आवाज चढला. "काही फुलं संध्याकाळी वास सोडतात, पतंग मध प्यायला येतात. शास्त्रज्ञांनी तसाच वास बाटलीत भरला, सापळ्यात पतंग पकडायला. त्याला माद्याही येतात, पोटात अंडी घेऊन. या माणसानं सापळे काढायला लावले आणि दोऱ्यांना वास लावून ठेवला. तुम्ही वावरात दोरे नाही बांधले, किडीला आवतण दिलंय! झिपरू, हात साबणानं धू आणि मग फिरव धोतरावर!"

"साबणानं सिद्धी बाटती," झिपरू पुटपुटला आणि त्यानं हात कफनीत लपवले.

चार पोरं फिदीफिदी हसली. तेवढ्यात म्हातारे झुंबरराव उठले. "आगं पोरी, म्हाराजांचीच ताकद तुझ्या बाटलीत उतरली आसंल." आणि त्यांनी पोत्याला हात जोडले. मागची माणसंही पुढे आली. धन्य ते गाव! शुभांगीला रडू फुटलं.

घरी जाताना वावराच्या बांधावर गोजराबाई थांबली.

"मला कळलं गं समदं. म्या अडाणी आसंल, येडी नाय. वासालाच येत्यात."

शुभांगीच्या जिवात जीव आला. "मग उद्या सापळे लावू या?"

"नगं." गोजराबाईनं हात पुढे केला. "ती बाटली दे. म्हाराजाकडं नाय जायाची आता. ललितच्या शर्टाला घरीच लावीन."

"आई, अगं तो नाही येत! पतंग येतो, पोट भरायला. कावळा शिवला नाही, कारण त्या दिवशी गंगेवर पन्नास पिंड होते आणि कावळ्यांची पोटं भरलेली होती. ललितचं काही राहिलं नव्हतं. तो तुझ्यावर रागावला नव्हता. एवढं एक तरी डोकं वापरून मान. नाहीतर पीक जाईल आणि तूही जाशील."

गोजराबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. दोनदा मानही हलवली.

"खरंय तुझं," ती म्हणाली. हात मात्र तसाच पुढे होता. "दे."