डब्यातले पाच फोन

हवालदाराच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. त्यात पीठ नव्हतं की साखर नव्हती, पाच जुने मोबाइल होते. प्रत्येकाच्या पाठीवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी, आणि झाकणाला आतून एक चिठ्ठी डकवलेली. लाल म्हणजे कोण, हिरवा म्हणजे कोण, कुणाचं काय चोरीला गेलं, कुणाला कुणी मारलं. दर सोमवारी हवालदार नवी चिठ्ठी आणायचा आणि जुनी शेगडीवर धरून जाळायचा.

भानगड अशी होती. ठाण्यात कुणी तक्रार दिली की महिन्याभराने मुख्य कचेरीतून त्या माणसाला फोन यायचा. तक्रार घेतली का, वागणूक नीट मिळाली का, झालेल्या कामाने समाधान आहे का, एवढे तीन प्रश्न. माणूस हो म्हणाला की फाइल बंद. नाही म्हणाला की फाइल वर जायची, बाहेरचा अधिकारी यायचा आणि सगळं पुन्हा उकरून काढायचा. आता लोकांचं समाधान व्हायचं तर ठाण्यात काम व्हायला नको का? ते कोण करत बसणार! त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे तक्रार लिहून घेताना माणसाच्या नावापुढे त्याचा नंबर लिहायचाच नाही, या डब्यातल्या एखाद्या फोनचा लिहायचा. डोकं हवालदाराचं आणि तोंड त्याच्या बायकोचं.

पहिल्यांदा तिला गंमतच वाटली, खोटं कशाला बोला. शाळेत असताना नाटकात कामं केलेली, ती हौस अशी फिटली. कधी खोकणारी म्हातारी व्हायची, कधी कामावर निघालेली घाईतली बाई, कधी नुकतीच रडून मोकळी झालेली सून. पुरुषांच्या तक्रारी तिचा दीर सांभाळायचा. वर्षअखेरीला ठाण्याचा पहिला नंबर आला, शंभरातले सत्त्याण्णव रहिवासी समाधानी. मोठ्या साहेबांना ढाल मिळाली. ते घरी आले, बिस्किटं खाल्ली आणि म्हणाले, वहिनी, यात तुमचाही वाटा आहे हो. ती चक्क लाजली होती. पुढे कधीही ते आठवलं की तिला साहेबांपेक्षा त्या लाजण्याचीच जास्त शिसारी यायची.

त्याच इमारतीत तळमजल्यावर शिंपीणताईंचं दुकान होतं. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ काजं-बटणं करायचा आणि शिवलेले कपडे सायकलवरून पोचवायचा. दीड महिन्यापूर्वी भरदुपारी, दुकानाच्या समोरच, एका पांढऱ्या गाडीने त्याला उडवलं आणि गाडी थांबलीसुद्धा नाही. ताई दारातच उभ्या होत्या, एका हातात अस्तराचा तुकडा, दुसऱ्यात निळा खडू. बाई कसली धीराची! किंचाळायच्या आधी तिने गाडीचा नंबर अस्तरावर लिहिला. भावाचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ताईंना ठाण्यात जायची भीती वाटत होती, तेव्हा हवालदाराच्या या बायकोनेच त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं की जा, माझा माणूस आहे ना तिथे, मी बोलते त्यांच्याशी. हवालदाराने तो तुकडा पुरावा म्हणून ठेवून घेतला होता.

तेव्हापासून ही दुकानापाशी दिसली की ताई विचारायच्या, वहिनी, काही कळलं का. ही वर जाऊन नवऱ्याला विचारायची. तो म्हणायचा, चालू आहे. ही खाली येऊन तेच सांगायची. ताई मान हलवायच्या आणि बाकीच्या गिऱ्हाइकांची कापडं मागे सारून हिचं काम आधी घ्यायच्या. हिला ते आवडायचं, उगाच का नाही म्हणा.

त्या दिवशी हवालदाराची सुट्टी होती. तो जेवत होता आणि डब्यातला लाल फोन वाजला. चिठ्ठीवर लालपुढे नाव नव्हतंच, नुसतं लिहिलं होतं, 'बाई, अपघात, समाधानी.' तिने घसा साफ केला, आवाज थोडा ओला केला आणि फोन उचलला. पलीकडच्या मुलीने विचारलं, अमुक अमुक बोलताय ना? ते नाव शिंपीणताईंचं होतं.

तिच्या तोंडून सवयीने हो गेलं. मुलगी पुढचं वाचू लागली. "तुमच्या भावाच्या अपघाताची तक्रार आहे. तक्रारदाराला गाडीचा नंबर सांगता आला नाही, त्यामुळे तपास बंद करत आहोत, असं ठाण्याने कळवलंय. या कामाने तुमचं समाधान आहे का?"

तिने फोनवर तळहात दाबला आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, नंबर दिला होता ना त्यांनी. त्या अस्तरावर."

"गाडी साहेबांच्या मेहुण्याची आहे," तो घास चावत म्हणाला. "हो म्हण आणि ठेव."

"आणि तो तुकडा कुठाय?"

"घरीच आणला होता की मी. मोटारसायकल पुसायला."

मग तिला आठवलं. महिन्यापूर्वी त्याच्या पिशवीच्या तळाशी एक चुरगळलेला पांढरा तुकडा सापडला होता, त्यावर निळ्या रेघोट्या. कापड चांगलं सुती, फेकायचं कशाला, म्हणून तिने साबण लावून, खसाखसा चोळून, दोन पाण्यांतून तो काढला होता. आता तो शेगडीजवळच्या खिळ्यावर लटकत होता, ओशट, पिवळा पडलेला. सकाळी उतू गेलेलं दूध तिने त्यानेच पुसलं होतं आणि त्याला आंबूस वास मारत होता. एका माणसाच्या पायाचा न्याय तिने दहा रुपयांच्या साबणाने धुऊन ओट्यावर फिरवला होता. आणि हा समोर बसून बोटं चाटत होता.

ती फोनमध्ये स्वतःच्या आवाजात म्हणाली, "थांबा हं, देते त्यांना." खिळ्यावरचा तुकडा ओढून घेतला आणि चपला न घालताच जिना उतरली. मागून हवालदार खरकट्या हाताने दारापर्यंत आला, वेड लागलंय का तुला, असं काहीबाही ओरडला, पण नुसत्या बनियनवर खाली यायची त्याला लाज वाटली. त्याला लाज कशाची वाटते हेही तिला तेव्हाच नीट कळलं.

दुकानात ताई कापड बेतत होत्या. आत भाऊ बटणं लावत बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तिने फोन पुढे केला.

"ताई, तुमचा फोन आहे."

"माझा? माझा तर हा इथे आहे."

"ठाण्यात तुमच्या नावापुढे या फोनचा नंबर लिहिलाय. मुख्य कचेरी विचारतेय, समाधान आहे का. असे फोन आले की सगळ्यांच्या वतीने मीच हो म्हणते. आजवर म्हणत आले." मग तिने तो तुकडा टेबलावर ठेवला. "आणि हा मी धुतला. हा तो आहे हे मला माहीत नव्हतं."

ताईंनी तुकडा चिमटीत उचलला. कातरलेली कड स्वतःच्याच हातची, ती ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. फोन कानाला लावला आणि शांतपणे सांगितलं की समाधान नाही, तपास बंद करायचा नाही, आणि नंबर तेव्हाही दिला होता, आता पुन्हा देते. खणातून त्यांनी मापाची वही काढली. खडू संध्याकाळपर्यंत टिकत नाही, म्हणून कापडावर जे काही लिहिलं ते त्याच दिवशी वहीत उतरवायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. कुणाच्या तरी छातीच्या आणि कंबरेच्या मापांच्या मधे गाडीचा नंबर लिहिलेला होता. त्यांनी तो एकेक आकडा सुटा करून दोनदा सांगितला. दीड महिन्यात ठाण्यातल्या एकाही माणसाने ती वही मागितली नव्हती.

हवालदाराच्या बायकोचा जीव भांड्यात पडला. चला, निस्तरलं एकदाचं, असं तिच्या मनात आलंसुद्धा. ताई आता हात धरतील, वहिनी, तुम्ही होतात म्हणून, असं काहीतरी म्हणतील, असंही तिला वाटून गेलं.

ताईंनी फोन ठेवला. मागच्या फळीवरून हिचंच न बेतलेलं कापड काढलं, घडी नीट केली आणि टेबलावरून हिच्याकडे सरकवलं.

"हे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगाला टेप लावायची मला किळस वाटेल."

आत भावाने मान वर केली नाही. त्याची सुई तेवढी थांबली होती. ही कापड काखेत मारून जिना चढली. वर डब्यातला हिरवा फोन वाजत होता. हवालदार हात धुऊन उभा होता आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आता हा तरी नीट उचल, नाहीतर माझी नोकरी जाईल."

तिने झाकण उघडून चिठ्ठी वाचली. हिरवा म्हणजे एक म्हातारी, हातातल्या बांगड्या ओढून नेलेल्या. तिने कापड खाली टाकलं, चपला घातल्या आणि वाजणारा डबा तसाच उचलून पुन्हा जिन्याकडे निघाली. म्हातारीचं घर मागच्याच गल्लीत होतं.