बुडालेल्या बाबांवर खटला

माझे बाबा ऑक्टोबरात समुद्रात बुडाले आणि स्वतःच्याच मर्तिकाच्या जेवणाला हजर झाले. ओलेचिंब, मिशीत शेवाळ. कुणी किंचाळलं नाही. उलट शेजारच्या स्टेइनूनआजींनी समाधानानं मान डोलावली आणि मटणाचा आणखी एक तुकडा वाढून घेतला. बुडालेला माणूस आपल्या जेवणाला आला, की समुद्रानं त्याला बरं वागवलंय असं समजायचं. आमच्या खाडीवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पण पाहुणा चार दिवस बरा. बाबा रोज यायला लागले. इतक्या उत्तरेला आमच्याकडे डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधार पडतो, म्हणजे भुतांची चंगळ. चारच्या ठोक्याला ते स्वयंपाकघरात यायचे, शेगडीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि ठिबकायचे. तोंडातून शब्द नाही. जिवंतपणीही ते फारसे बोलत नसत, त्यामुळे पहिला आठवडा आम्हाला फरकच जाणवला नाही. आई त्यांच्यासमोर कॉफी ठेवायची आणि पायाखाली परात. कॉफी तशीच राहायची, परात भरायची.

मग ओर्री खोकायला लागला. ओर्री माझा भाऊ, नऊ वर्षांचा. रोज बाबांना चिकटून बसायचा आणि त्यांना फुटबॉलचे निकाल सांगायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती साफ आहे. दुसऱ्याच सकाळी त्यानं खोकून कपभर खारं पाणी काढलं.

"मेलेल्याला ऊब लागते, ती कुणाच्या तरी अंगातलीच जाते," स्टेइनूनआजी म्हणाल्या. "असंच चाललं तर हे पोर नाताळ बघायचं नाही."

"मग काय, हाकलून देऊ त्यांना?" आईनं विचारलं.

"हाकलून जिवंत पाहुणे जात नाहीत, हा कुठला जातोय? खटला भरा. आपल्याकडचा माणूस मेला तरी कायदा मोडत नाही."

जुना रिवाज असा: तीन शेजारी न्यायाधीश म्हणून दाराशी बसतात, भुतावर पूर्ण नावानिशी आरोप होतो, निकाल लागतो. मग घरातल्या प्रत्येकानं आपल्या तोंडानं त्याला 'जा' म्हणायचं. एकानं जरी कच खाल्ली, तरी निकाल फुकट.

फिर्यादी व्हायला आईनं साफ नकार दिला. "बावीस वर्षं समुद्रावर जाऊ नका म्हणून ह्यांच्या मागे लागले. आता मीच ह्यांना कोर्टात खेचू?" राहिले मी, आल्फ्रून, वय वर्षं सतरा, तोंडाळ. वकिलाला आणखी काय लागतं?

शुक्रवारी चारला बाबा येऊन बसले. लगेच आजी आणि दोन शेजारी कपडे धुण्याच्या खोलीतल्या दारापाशी, वॉशिंग मशीनला टेकून, स्टुलांवर बसले. आमच्याकडे सगळे त्याच दारानं येतात-जातात.

"हाफ्लिदी बार्दारसोन," मी घसा खाकरला, "तुम्ही मेलेले असून या घरात बसता, पोराच्या अंगातली ऊब घेता, आणि लाकडी जमीन फुगवून ठेवलीत."

बाबांनी जमिनीकडे पाहिलं. ओशाळले असावेत.

निकाल लागला: बाहेर.

"जा, बाबा," ओर्री म्हणाला. "फुटबॉलचे निकाल मी किनाऱ्यावरून ओरडून सांगीन."

आईनं पाठ फिरवली आणि स्वच्छ पातेलं घासायला घेतलं. "या आता. म्हणजे, जा हो."

बाबा उठले. दोन पावलं चालले आणि थांबले.

"अगं बाई," आजी म्हणाल्या. "न्यायसभा बसलेल्या दारातून मेलेल्याला जाता येत नाही. पुढच्या दारानं जायला हवं."

पुढचं दार आम्ही कधीच उघडत नाही. त्याला लावून कोकराच्या मटणानं ठासून भरलेला फ्रीजर उभा होता.

"हे आधी नाही सुचलं?" मी भडकले.

"मी काय रोज भुतं बाहेर काढते?" आजी म्हणाल्या.

मला बरंच वाटलं. माझं 'जा' अजून राहिलं होतं. बाबा बुडाले त्या सकाळी त्यांनी मला बोटीवर मदतीला बोलावलं होतं. पोट दुखतंय म्हणून मी पांघरूण ओढलं. पोट ठणठणीत होतं. दोन महिने रोज चारला वाटायचं, आज बाबा विचारतील. विचारल्याशिवाय ते जायला नको होते.

फ्रीजरचं एक टोक मी धरलं. दुसरं बाबांनी धरलं, नेहमीसारखं. हातभर अंतरावर त्यांचा निळा चेहरा. आतून ओर्रीचा खोकला आला, ओला, लांबलचक.

"बाबा, माझं पोट दुखत नव्हतं," मी म्हणाले. "खोटं बोलले मी. जा आता. जा ना."

आम्ही फ्रीजर खाली ठेवला. त्यांनी खांद्यानं दार ढकललं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "आली नाहीस तेच बरं केलंस. नाहीतर आज तुलाही हाकलावं लागलं असतं."

आणि गेले.

"दार लाव, गारठा येतोय," आजी म्हणाल्या. मी लावलं नाही. ते पाण्यापाशी दिसेनासे होईपर्यंत उभी राहिले आणि भोकाड पसरून रडले. आत ओर्री भूक लागली म्हणून आईच्या मागे लागला होता.