पाचवी परीक्षानळी

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या यादीत वेदिकाच्या नावापुढे मुख्याध्यापकांनी ‘सूट’ असे लिहिले होते. तिला जन्मापासून दिसत नाही. लिटमसचा रंग ती कशी सांगणार, म्हणून प्रयोगाऐवजी दोन तोंडी प्रश्न. सरांच्या मनात वाईट काही नव्हते.

विज्ञान मीच शिकवते, म्हणून तिला हे मीच सांगितले.

“सूट दिवाळीत कापडाच्या दुकानात देतात, बाई. वर्षभर प्रयोगात ओमकार सांगतो तांबडा, मी लिहिते तांबडा. एकदा तरी माझं उत्तर माझं असू दे.”

आम्ल आणि आम्लारी रंगावरूनच ओळखायला हवेत, असे थोडेच आहे? आम्लारीत कांद्याचा वास जातो, हे पुस्तकातच आहे; आम्ही ते तीन ओळींत उरकतो. आम्लात खाण्याचा सोडा चुरचुरतो. नाक आणि कान पुरेसे होते. सरांना करून दाखवले. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि परवानगी दिली. मात्र दयेपोटी मार्क देऊ नका, असे बजावले. मी देणारच नव्हते.

परीक्षेच्या दिवशी कांद्यात मुरवलेल्या कापडाच्या पट्ट्यांचा वास वऱ्हांड्यापर्यंत गेला. पोहे कधी मिळणार, असे ओमकारने विचारून घेतले.

पाच नळ्यांतले द्रव ओळखायचे होते. वेदिका एकेकीतला थेंब पट्टीवर टाकायची, पट्टी धुवायची, हुंगायची. दोन नळ्या आम्लारी निघाल्या. उरलेल्या तिन्हींत तिने सोडा टाकायला घेतला. एक चुरचुरली, ती आम्ल. दुसरी गप्प, उदासीन. पाचवीला कान लावून ती थबकली.

“पंखा,” ती म्हणाली.

ओमकारने उठून सगळे पंखे बंद केले. देवरूखला फेब्रुवारीतही दुपारी उकडते. पंचवीस मुले घाम पुसत गप्प बसली. सर दारात उभे होते, तेही हलले नाहीत.

“बोल गो लवकर, शिजतोय आम्ही,” ओमकार पुटपुटला. शेजारच्या शमिकाने त्याला कोपर मारले.

वेदिकाने आणखी चिमूटभर सोडा टाकला आणि पुन्हा कान लावला.

“आम्लच आहे. पण पाणी घातलंय तुम्ही, बाई. फसवायला.”

घातले होते. सगळ्यांच्याच पाचव्या नळीत घातले होते. पाचपैकी पाच द्यावेच लागले.

तिने जाड कागद ओढला आणि ब्रेलमध्ये निरीक्षणे टोचायला लागली. पंखे लावायला कोणीही उठले नाही. टोचण्याचा बारीक आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होता.