फळ्या काढायच्या नाहीत

मी तापट आहे हे सगळ्या सर्वण गावाला ठाऊक आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. डिचोलीच्या बाजारात वीस वर्षं मी लाल माठाची तांबडी भाजी, मुळा आणि वालीच्या शेंगा विकल्या. गिऱ्हाइकानं जुडी दाबून बघितली की मी ती त्याच्या हातातून काढून घेत असे. तरी लोक माझ्याकडेच यायचे, कारण सुमंगलेची भाजी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, गोड्या पाण्यावरची. ती मीच दोन वर्षांपूर्वी बंद केली.

आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला फरसाणचा एक कारखाना उभा राहिला. दर शनिवारी तिथल्या कढया धुतात आणि ते पाणी आमच्या व्हाळात सोडतात. पावसात कळत नाही, सगळं वाहून जातं. पण भात कापून झालं की आम्ही व्हाळाला आडव्या फळ्या लावून बांध घालतो आणि अडलेल्या पाण्यावर भाजी करतो. त्या अडलेल्या पाण्यावर तेलाची साय धरायला लागली. शिळ्या तेलाचा वास सुटला, म्हैस तोंड लावीना. भाजी उगवली खरी, पण पानं हाताला चिकट लागायची. एक जुडी घरी शिजवली आणि टोपासकट बाहेर ओतली. जे आपण खात नाही ते दुसऱ्याच्या ताटात कसं वाढायचं? मळा ओसाड ठेवला आणि पाणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे अर्ज केला.

माझी खात्री होती की एकदा पाणी बाटलीत गेलं की कारखान्याची गठडी वळणार.

नमुना घ्यायला क्षमा नावाची मुलगी आली. कोरगावची, तिशीच्या आतली, डोक्याला टोपी, हातात बर्फाची पेटी. येण्याआधी कार्यालयाचं पत्र आलं होतं, अमुक मंगळवारी येतो म्हणून. तिनं दोरीला बांधलेली बालदी बांधाच्या मधोमध सोडली. मोठ्या बाटल्या भरून पेटीत ठेवल्या. मग काचेच्या बुचाची एक लहान बाटली भरली, तिच्यात दोन औषधांचे थेंब सोडले आणि बूच लावून खालीवर केली. आत तपकिरी साका धरला.

"ह्या कित्याक?" मी विचारलं.

"पाण्यात प्राणवायू आसा काय नाय ता बघूक, मावशी. तपकिरी झाला म्हणजे आसा. मासे जगतत. पांढरा रवला तर नाय."

चांगलं तपकिरी झालं होतं. महिन्याभरानं कागद आला, पाण्यातली घाण मर्यादेत आहे. मी पुन्हा अर्ज केला. ती पुन्हा पत्र पाठवून आली, पुन्हा तपकिरी, पुन्हा मर्यादेत. गावात कुजबुज सुरू झाली की सुमंगलेला कारखान्याचा मत्सर, तिला सगळीकडे घाण दिसते. बाजारात माझ्या जागेवर दुसरी बसायला लागली होती. मला माझ्याच नाकाची शंका यायला लागली, आणि तापट माणसाला स्वतःची शंका येणं फार वाईट.

या मार्गशीर्षात तिसरी खेप ठरली. क्षमानं फोनवर सांगितलं, "मावशी, या वेळीय पाणी नीट निघाला तर साहेब फाईल बंद करतले." फाईल बंद म्हणजे माझा मळाही बंद. बी मी बाटलीत राखेत घालून ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी ते रुजेल की नाही याचा भरवसा नव्हता.

त्या मंगळवारी ती आली, पण बालदी सोडली नाही. बांधाकडे बघत उभी राहिली. मग खाली वाकून काठाच्या दगडावरून बोट फिरवलं. वीतभर वरपर्यंत दगड ओला होता आणि त्यावर तेलाची रेघ होती. पाणी मात्र रेघेच्या खूप खाली, नितळ.

"काल फळ्यो कोणी काढल्यो?" तिनं विचारलं.

आमचे हे, म्हणजे कृष्णनाथ, छाती काढून पुढे आले. गावानं बांधाची राखण यांच्याकडे दिलेली आहे आणि त्याचा यांना भारी अभिमान. "मीच काढलंय. काल दुपारी. सगळा जुना पाणी सोडलंय, काठ झाडलंय, सांजेक फळ्यो परत घातलंय. तुमी येतलात म्हणान!"

आमच्याकडे रिवाजच आहे. जत्रेच्या आधी देव व्हाळावर न्हायला येतो, तेव्हा आदल्या दिवशी बांध सोडून पाणी ताजं करायचं. देवाला शिळं पाणी देत नाहीत. आरोग्य खात्याचे लोक आले तेव्हाही यांनी तेच केलं होतं. सरकारी माणूस गावात आला म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला घाण कोण दाखवतो?

"काका, आदल्या दोन खेपांकय काढललात?"

"म्हणजे काय! तीनय खेपांक."

क्षमा हसत सुटली. हसता हसता दगडावर बसली. "काका, डॉक्टर तपासूक येतलो म्हणान तुमी आधीच तापाची गोळी खाल्लात!"

मला हसू आलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, आणि भांडं लपवणारा माझ्याच घरातला. मी यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हे मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी हळूच म्हणाले, "सुमंगला, पयल्या खेपेक झाडू कोणी दिल्यान माझ्या हातात?"

मीच दिला होता. पत्र आलं त्याच दिवशी मी म्हटलं होतं, काठावर पाचोळा पडलाय, लोक काय म्हणतील, जरा बघा. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

क्षमानं त्या दिवशी नमुना घेतलाच नाही. तिनं फॉर्मवर लिहिलं की बांध उघडल्यामुळे पाणी नेहमीचं नाही, पुन्हा यावं लागेल. पेटी रिकामी परत नेली. साहेब विचारतील तर काय सांगणार, म्हटलं, तर ती म्हणाली, "जा काय खरा आसा, ताच सांगतलंय." जाताना तिनं यांना बजावलं, "काका, आता पत्र येवचा नाय. मी खंयच्याय दिसा येतलंय. फळ्यो काढूच्यो नाय. काठ झाडूचो नाय."

यांना असली शिक्षा आजवर कुणी दिली नव्हती. रोज सकाळी हे बांधावर जायचे आणि हात पाठीमागे बांधून पाण्याकडे बघायचे. शनिवारी कारखान्याच्या कढया धुतल्या. रविवारी पाण्यावर साय आली, काठाला पिवळा फेस लागला, वास आमच्या ओसरीपर्यंत आला. यांचा जीव कासावीस झाला. मी मागून जाऊन बघते तर हे फळीला हात घालून उभे.

"सोडा ती!" मी ओरडले.

"काढूक नाय गे. फकत हात लावलंय." डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या राखणेचो बांध हो. असो कोणाक दाखवू?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण यांची माया मला तेव्हा पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली. मी यांचा हात फळीवरून सोडवला आणि घरी आणलं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता क्षमा दारात. चहा विचारला, तिनं नेहमीप्रमाणे ड्युटीवर नको म्हटलं. आम्ही तिघं बांधावर गेलो. बालदी आत सोडताना साय फाटली आणि पुन्हा जुळली. मोठ्या बाटल्या भरल्या. मग लहान बाटली. तपकिरी झालं तर मी वेडी, माझं नाक खोटं आणि माझा मळा गेला. तिनं थेंब सोडले, बूच लावलं, बाटली खालीवर केली आणि उजेडात धरली.

पांढरं. दुधाच्या नासवणीसारखं पांढरं.

"मावशी, प्राणवायू नाय," क्षमा म्हणाली.

आमच्या पाण्यात जीव उरला नव्हता, आणि मी पोरगी परीक्षेत पहिली आल्यासारखी टाळी वाजवली. मग लाज वाटली. यांनी मात्र टोपी काढली आणि त्या बाटलीकडे बघत राहिले.

पुढचं दोन महिन्यांत उरकलं, पण सुखासुखी नाही. कार्यालयाची माणसं कारखान्यात गेली, पाइप सापडला, नोटीस निघाली. कारखानदार आधी नाही म्हणाला, मग वकील आणला, मग त्याला टाकी बांधावी लागली. कढयांचं पाणी आता त्या टाकीत जातं. बांध यांनी मध्ये एकदा पूर्ण सोडला, पण तो क्षमाला विचारून. मग फळ्या घातल्या आणि तीन शनिवार जाऊ दिले.

माघात ती न सांगता आली. काठावर पाचोळा पडलेला, कडेला शेवाळ, यांनी एक काडी उचललेली नव्हती. लहान बाटलीत साका धरला. अगदी पहिल्यासारखा नाही, फिकट, पण तपकिरी. त्याच दुपारी मी राखेतलं बी मळ्यात टाकलं. निम्मं रुजलं.

शिमगा जवळ आला तेव्हा ती पुन्हा आली. बाटल्या भरून, सील करून पेटीचं झाकण लावल्यावर मी तिच्यासमोर डबा धरला. ओलं खोबरं घातलेली तांबडी भाजी आणि एक पोळी. ती हात मागे घेणार होती. मग तिनं विचारलं, "घरात खाल्लात?"

"सकाळीच. दोघांनीय."

"माझा काम झाला आता," असं म्हणून ती बांधाच्या दगडावर बसली आणि डबा उघडला. तिनं पोळीनं भाजी पुसून पुसून खाल्ली. हे बाजूला उभे राहून विचारत होते, मीठ बरं आहे ना, आणि मी पदरानं डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जुड्या बांधल्या आणि डिचोलीच्या बाजारात माझी जागा मागायला गेले.