तीन बोटांचा मोजा

सव्वीस वर्षं लेथवर काम केलेल्या त्या टर्नरची उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मशीनमध्ये गेलं, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. उरलेली बोटं आखडू नयेत म्हणून हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात विणायच्या सुया दिल्या. हसावं की रडावं, त्याला कळेना. पण सूतभर फरक खपवून न घेणारा माणूस तो. टाके एकसारखे पडायला लागल्यावर त्याला विणायची चटकच लागली. वर्षभरात नऊ मफलर झाले. घरच्यांचे गळे संपले, तसं त्यानं शेजाऱ्यांचे धरले.

"आता दहावा मफलर विणलात तर मी माहेरी जाईन," बायको म्हणाली. "आणि जाताना यातला एकही नेणार नाही!"

म्हणून शनिवारी दोघं लोकरीच्या दुकानात गेली. दुकानवाल्या बाई साठीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी नमुन्यांची पुस्तकं पुढे टाकली. बायको भराभर पानं उलटू लागली. टोपी झाली, बाळाचं स्वेटर झालं. हातमोज्यांचं पान आलं तसा त्यानं त्यावर डावा हात ठेवला.

"हे कशाला? गेल्या हिवाळ्यात आणलेत ना तुम्हाला?"

"त्यात दोन बोटं रिकामी लोंबतात," तो हळूच म्हणाला. "दाराच्या कडीत अडकतात. लोक बघतात. म्हणून हात खिशातच ठेवतो मी."

खिसे फाटतात म्हणून ती त्याला वर्षभर बोलत होती. तिनं ते पान बाईंपुढे सरकवलं.

"असला नमुना पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. "पण पुस्तक लिहिणारीनं तुमचा हात कुठे बघितला होता? आणा इकडे."

त्याचा हात खिशातच घुटमळला. मग त्यानं तो काढला आणि काउंटरवर ठेवला. बाईंनी ना तोंड वाकडं केलं, ना त्या हळहळल्या. ब्लाउजचं माप घ्यावं तशी तळव्याभोवती टेप फिरवली. "एकवीस सेंटिमीटर. तिन्ही बोटं पसरा बरं."

त्यानं पेन्सिल मागून घेतली. एका रिकाम्या पिशवीवर मोज्याचं ड्रॉइंग काढलं, वरून एक, बाजूनं एक, आणि बाण काढून मापं टाकली.

"अहो, मोजा विणायचाय की इंजिन?" बाई म्हणाल्या.

"माप चुकलं की जॉब बाद," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जुनी धार आली होती. "आणि इथे कडेला टाके बंद करायचे नाहीत. व्रण आहे तिथे, गाठ बोचेल."

"मग बंद करायची ओळ तळव्याकडे सरकवू." बाईंनी ड्रॉइंगवर टाक्यांचे आकडे लिहिले.

लोकर निवडायची वेळ आली तसा त्यानं राखाडी गुंडा उचलला. बाईंनी तो त्याच्या व्रणावर हलकेच घासला. त्यानं हात मागे घेतला. "खरखरीत आहे," बाई म्हणाल्या. "ही मऊ बघा."

मऊ लोकरीतही त्याचा हात राखाडीकडेच गेला. बायकोनं मात्र हळदीसारखा पिवळा गुंडा पुढे सरकवला.

"अगं, लांबून दिसेल!"

"दिसू दे की. माझ्या नवऱ्याचा हात आहे, चोरून आणलाय का?"

त्याला हसू फुटलं. खूप दिवसांनी.

पहिला मोजा फसला. अंगठा इतका ढगळ झाला की आत दोन अंगठे मावले असते. तो त्यानं निमूटपणे उसवला. दुसरा मात्र हाताला असा बसला की कुठे सुरकुती नाही. मोजा हातात घालूनच तो बायकोबरोबर दुकानात दाखवायला गेला. बाईंनी हात पुढे केला, आणि त्यानं मोजा घातलेल्या उजव्या हातानं तो धरला.

"बरे आलात," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला तुमच्याबद्दल सांगितलंय मी. त्याला अंगठा नाही. विणून द्याल का, विचारत होता."

टर्नरनं बायकोकडे पाहिलं. ती आधीच पुढे होऊन लोकरीचे गुंडे दाबून बघत होती.

"कुठल्या हाताचा?" त्यानं विचारलं, आणि पेन्सिल मागितली.