तीस वर्षांत एकही बकुळा नाही

जन्मनोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना फुलांच्या नावांची कुठली लाट कधी आली नि कधी ओसरली, सगळं तोंडपाठ होतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा जिकडेतिकडे जाई आणि जुई. मग केतकी आणि प्राजक्ता अशा काही सुटल्या की विचारू नका! पुढे सायलींचा सुकाळ झाला. हल्ली चलती अबोलीची, आणि झाडून सगळ्या अबोल्या खिडकीपाशी गळा काढून रडायच्या. आईबाप अर्ज देण्याआधी हळूच विचारत, "हे नाव फार झालंय का हो?" सल्ला द्यायला बाई कायम तयार. त्यात त्यांचा हात कोण धरणार!

एका नावाला मात्र त्या नाक मुरडायच्या. बकुळा. कारण ते त्यांचंच नाव होतं. शाळेत पोरांनी 'बगळा, बगळा' करून नुसता उच्छाद मांडला होता, तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यात गेलं. सही करतानाही त्या नुसतं आद्याक्षर टाकत, त्यामुळे ऑफिसात कुणाला पत्ताच नव्हता.

त्या दिवशी एक तरुण आई खांद्यावर तान्ही लेक घेऊन आली. अर्जावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, बकुळा.

"अगं, कुठल्या जमान्यात आहेस?" बाई उसळल्या. "हे नाव आता कुणी ठेवत नाही."

"माझ्या पणजीचं होतं. मला फार आवडतं."

"पणजीचं पणजीपाशी राहू दे. थांब, दाखवतेच तुला. तीस वर्षांत एक जरी बकुळा सापडली, तर नाव बदलीन मी!"

बाईंनी कॉम्प्युटरवर शोधलं. खरंच, एकही नाही. त्या ऐटीत मान वर करणार, तोच त्यांना एकेक चेहरा आठवायला लागला. ती चष्मेवाली शिक्षिका, तिला त्यांनीच केतकीकडे वळवलं होतं. त्या हट्टी आजी दोनदा येऊन गेल्या, शेवटी त्यांच्या नातीची सायली झाली. असे किती तरी. अरे देवा! नाव काही आपणहून गेलं नव्हतं. याच खिडकीत बसून बाईंनी त्याचा गळा दाबला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तोवर त्या आईचा धीर सुटला होता. तिने नाव खोडायला पेन काढलं. "अबोलीच लिहिते. नाहीतर मोठी झाल्यावर पोरगी मला बोल लावायची. तुम्ही पाहिलीय का हो एखादी बकुळा? फार चिडवतात का?"

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून तिचं पेन धरलं.

"पाहिलीय ना. तुझ्यासमोर बसलीय."

ती बघतच राहिली. मागच्या टेबलावरचे साहेबही वळून बघायला लागले.

"दे तो अर्ज," बाई म्हणाल्या. "वर्षभर चिडवतील पोरं, मग त्यांना दुसरं कुणीतरी सापडेल. माझ्या वेळीही सापडलं होतं. पुढची पन्नास वर्षं मात्र मीच मला चिडवत राहिले."